कोविडच्या मदतीत नर्सरीवाले का राहिले, आणि आता कोणते कागद करून ठेवायचे

प्रश्न असा आला आहे: ‘बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमची दहा गुंठ्यांवर शेडनेटमध्ये भाजीच्या रोपांची नर्सरी आहे आणि शेजारी सव्वा एकरात झेंडू असतो. झेंडूची जमीन वडील आणि दोन काका यांच्या सामाईक नावावर आहे. नर्सरीच्या दहा गुंठ्यांवर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव आहे. २०२० आणि २०२१ मध्ये सरकारनं कोविडची मदत जाहीर केली. नर्सरीचा एक पैसा आला नाही, झेंडूचे एकदाच आणि तेही थोडे आले. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला दोन्ही वेळा मिळाले. राहिलेले पैसे आता मिळतील का? पुन्हा असं संकट आलं तर नर्सरीवाल्यानं काय करावं?’

आधी पैशाचं सांगून टाकतो. ते आता मिळणार नाहीत. दोन्ही पॅकेजं त्या त्या वर्षाच्या लॉकडाऊनपुरती होती. याद्या झाल्या, अर्ज घेतले, वाटप झालं, विषय संपला. कोणी ‘बेंगळूरला ओळख आहे, फाईल काढून देतो’ म्हणत तुमच्याकडे दोन-तीन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

एक तपासणी मात्र करून घ्या. कर्नाटक सरकारचं ‘डीबीटी कर्नाटक’ नावाचं मोबाईल ॲप आहे. वडिलांच्या आणि काकांच्या आधार नंबरवर ते उघडलं की कुठल्या योजनेचे किती पैसे कुठल्या बँकेत पडले ते दिसतं. मी बागायत खात्यात असताना ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचे पैसे खरं तर आलेले असायचे. माणूस सोसायटीचं पासबुक घेऊन बसलेला असायचा आणि रक्कम कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी काढलेल्या खात्यात पडून असायची. आधारवरून येणारा पैसा, तुम्ही सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं असेल तिथं जातो. अर्जाला कुठल्या पासबुकाची झेरॉक्स लावली होती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता ही मदत नेमकी काय होती ते बघू, कारण तुमच्या प्रश्नातली अर्धी गुंतागुंत तिथंच आहे. ६ मे २०२० ला तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुराप्पा यांनी १,६१० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात फुलशेतीला हेक्टरी २५,००० रुपये होते आणि मर्यादा एका हेक्टरची. राज्यात ११,६८७ हेक्टरवरच्या फुलांचं नुकसान झाल्याचं त्या वेळी सांगितलं गेलं. त्याच महिन्यात पुढं फळं आणि भाजीपाल्याला हेक्टरी १५,००० रुपये जाहीर झाले, तेही एका हेक्टरपर्यंतच, आणि मक्याच्या शेतकऱ्याला ५,००० रुपये. दुसऱ्या लाटेत, १९ मे २०२१ ला, १,२५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात फुलं असोत, फळं असोत की भाजी, सरसकट हेक्टरी १०,००० रुपये. लाट मोठी आणि मदत छोटी, असं तेव्हा लोक म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं.

यात आणखी दोन पैसे लोक मिसळतात. एप्रिल २०२० मध्ये खात्यावर पडलेले दोन हजार ही कोविडची वेगळी मदत नव्हती. पीएम-किसानचा वर्षाचा पहिला हप्ता केंद्रानं लवकर सोडला होता, इतकंच. दुसरा घोळ महापुराचा. आपल्या जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ ला पूर आला आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. या पुरांच्या पीक नुकसानीचे पैसे ‘परिहार’ पोर्टलवरून वाटले गेले. त्यामुळं ‘शेजाऱ्याला दोनदा मिळाले’ यातला एक पैसा पुराचा असू शकतो. शेजाऱ्याशी अबोला धरण्याआधी एवढं विचारून घ्या.

पूर आणि कोविड यांत कायद्यानं मोठा फरक आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुरानं किंवा दुष्काळानं पीक गेलं तर आपत्ती निवारण निधीचे लेखी निकष असतात. तेव्हाच्या निकषांप्रमाणं ३३ टक्क्यांवर नुकसान झालं असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ६,८००, बागायतीला १३,५०० आणि बहुवार्षिक पिकाला १८,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. तलाठी येतो, पंचनामा होतो, नाव राहिलं तर भांडायला जागा असते. कोविडमध्ये पीक गेलंच नव्हतं. पीक शेतात टवटवीत उभं होतं, गेला होता तो बाजार. २०२० च्या मार्चमध्ये केंद्रानं कोविडला आपत्ती ठरवलं खरं, पण तो निधी विलगीकरण, तपासण्या, औषधं अशा गोष्टींसाठी होता. पीक विम्यातही बाजार बंद पडणं हा धोका बसत नाही. तिथं पाऊस, गारपीट, कीड, उत्पादनातली घट यांचाच विचार. म्हणजे राज्यानं जे दिलं ते आपल्या मर्जीनं दिलं, आणि मर्जीच्या पैशावर अपील नसतं. म्हणूनच ‘माझं नाव यादीत का नाही’ या प्रश्नाला तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाकडंही धड उत्तर नव्हतं.

यादी आली कुठून? तिचा पाया होता पीक सर्वेक्षण. ज्याच्या सर्वे नंबरवर फूल किंवा भाजी नोंदलेली, त्याचं नाव आपोआप वर आलं. ज्यांची नोंद नव्हती त्यांच्याकडून अर्ज घेतले गेले, पण मुदत थोडी, बस बंद, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, गर्दी करायची नाही, आणि फॉर्म कन्नडमध्ये. अशा वेळी कोण पोचलं आणि कोण राहिलं हे सांगायला नको.

आता आपल्या भागाचं बघा. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, धामणे या शिवारांत पावसाळ्यात भात. भात काढलं की कुणी मसूर-वाटाणा टाकतो, कुणी भाजी, कुणी फुलं. उत्तरेकडं आणि पश्चिमेकडं कडोली, उचगाव, बेळगुंदीच्या पट्ट्यात रताळी, बटाटा, कोबी. एकाच रानात वर्षात दोन-तीन पिकं येतात. उताऱ्यावर मात्र पुष्कळदा खरिपाचं भात तेवढं लिहिलेलं असतं आणि उन्हाळ्यातला झेंडू कुणी लिहिलेलाच नसतो. शेजाऱ्याचा झेंडू त्या हंगामात सर्वेक्षणाला आलेल्या पोरानं टिपला असेल आणि तुमच्या बांधावर तो आलाच नसेल. लबाडी शोधायला जाऊ नका. बहुतेक ठिकाणी एवढीच गोष्ट असते.

तुमच्या झेंडूच्या रकमेचा हिशोब मांडतो. सव्वा एकर म्हणजे अर्ध्या हेक्टरला किंचित जास्त. २०२० च्या दरानं पूर्ण क्षेत्राचे १२,६५० च्या आसपास व्हायला हवे होते. तिघांच्या सामाईक नावात एकट्या वडिलांचीच नोंद झालेली असेल तर एक तृतीयांश, म्हणजे चार हजार दोनशे रुपये. ‘थोडे आले’ म्हणता ते याच आकड्याच्या जवळ असतील, तर तुमच्यावर अन्याय झालेला नाही, तुमच्या काकांची नोंद राहिली आहे. २०२१ च्या दरानं पूर्ण क्षेत्राचेच पाच हजार होतात. त्या वर्षी काहीच आलं नाही याचं कारण मात्र पीक नोंदीत शोधा.

नर्सरीचा विषय याहून अवघड आहे, आणि तुमचा मूळ प्रश्न तोच आहे.

दोन्ही पॅकेजं हेक्टरच्या भाषेत लिहिलेली होती. फूल, फळ, भाजी. इतकं क्षेत्र, इतका दर. ट्रेमधलं रोप यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. उद्या समजा एखाद्या दयाळू अधिकाऱ्यानं तुमची नर्सरी ‘भाजीपाला’ म्हणून धरली असती, तरी काय हाती लागलं असतं? दहा गुंठे म्हणजे ०.१०१ हेक्टर. भाजीच्या दरानं १,५१८ रुपये, फुलांच्या दरानं २,५३०. आता दुसरी बाजू धरा. दहा गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये वाटा सोडून दोन तृतीयांश जागेवर ट्रे मांडले तर साडेचार हजारांच्या आसपास ट्रे बसतात. ९८ खान्यांचा ट्रे धरला तर सव्वाचार ते साडेचार लाख रोपं. हिशोबापुरता रोपाला रुपया धरा, म्हणजे एका खेपेला चार लाखांवर माल उभा. त्यात बियाणं महागडं संकरित, कोकोपीट विकत, मजुरी रोजची. एवढ्या मालापुढं दीड हजार रुपये! ज्यानं दर ठरवला त्याच्या डोळ्यापुढं उघड्या रानातलं पीक होतं. दहा गुंठ्यांत लाखो रुपये कोंबणारा धंदा त्याच्या ध्यानातच नव्हता.

शिवाय रोपाला थांबता येत नाही. कोबी-फ्लॉवरचं रोप तीन-साडेतीन आठवड्यांत, टोमॅटोचं पंचवीस ते तीस दिवसांत, मिरचीचं पस्तीस-चाळीस दिवसांत लावायला यावं लागतं. त्यापुढं ट्रेमध्ये ठेवलं तर रोप उंच होऊन लोळतं, मुळं खान्यात वळी मारून बसतात, आणि मग फुकट दिलं तरी जाणता शेतकरी नेत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला टोमॅटो नेमका २५ मार्चनंतर, म्हणजे देश बंद झाल्यावर, लावणीला तयार झाला. शेतीच्या कामांना, बियाण्या-खतांच्या दुकानांना दोन-तीन दिवसांतच सूट मिळाली हे खरं. पण गिऱ्हाईक येणार कशाला? गोव्यानं हद्द बंद केली, चोर्ल्याच्या घाटातून भाजीच्या गाड्या जाईनात, आणि शिवारात तयार कोबीवर लोक ट्रॅक्टर फिरवत होते. ज्याची उभी भाजी रानात सडते तो पुढच्या लावणीची रोपं न्यायला येत नाही. वर दिलेला ॲडव्हान्स परत मागतो. जत्रा नाहीत, देवळं बंद, लग्नं मोजक्या माणसांत, त्यामुळं झेंडूच्या रोपाचंही तेच. भाजीवाल्याचं नुकसान निदान रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत होतं. नर्सरीवाल्यानं ट्रे गुपचूप खड्ड्यात झटकून धुऊन ठेवले; कुठं कागदावर शाई लागली नाही.

हे जगात सगळीकडंच असं झालं का, तर नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०२० च्या मे महिन्यात कोरोना मदतीचा मोठा कार्यक्रम काढला. पहिल्या यादीत तिथंही नर्सरी नव्हती. नर्सरीवाल्यांनी आकडे पुढं ठेवले आणि ऑगस्टमध्ये नर्सरीची रोपं आणि तोडीची फुलं यादीत आली. त्यात, माल पाठवला पण वाटेत नासला किंवा त्याचे पैसे बुडाले ते वेगळं मोजलं, आणि विकायला तयार असून नर्सरीबाहेर पडलाच नाही तो माल वेगळा मोजला. सप्टेंबरमध्ये दुसरा टप्पा आला तेव्हा तर नर्सरीचा हिशोब आणखी सोपा झाला. २०१९ मध्ये तुमची विक्री किती होती ते सांगा, त्यावर टक्केवारीनं पैसे. पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या विक्रीला १०.६ टक्के, पुढं उतरत जाऊन दहा लाख डॉलरवरच्या विक्रीला ८.८ टक्के, आणि एका माणसाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर.

ही तुलना मी सरकारला शिव्या घालण्यासाठी देत नाही. उद्या आपल्याकडं कुणी हुबेहूब तशीच योजना आणली, तर? ‘मागच्या वर्षीची विक्री दाखवा, दहा टक्के घ्या.’ आपल्या भागातल्या किती नर्सऱ्या दाखवू शकतील? माल रोखीनं जातो, वहीत फक्त गिऱ्हाइकाचं टोपणनाव आणि ट्रेचा आकडा, हंगाम संपला की वही चुलीत. दहा लाखांचा धंदा कागदावर शून्य, आणि शून्याचे दहा टक्के शून्यच. म्हणून माझं म्हणणं असं: जमिनीच्या कागदावर नर्सरीवाला दिसत नाही आणि विक्रीच्या कागदावर तो स्वतःहून दिसू देत नाही. दोन्हीकडं दिसायला लागाल तेव्हा कुठल्याही मापानं मदत आली तरी तुम्ही त्यात असाल.

आता विक्री का लपवली जाते? टॅक्सची भीती. ही भीती पुष्कळशी निराधार आहे. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. आयकराचं म्हणाल तर नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न हे शेतीचंच उत्पन्न मानायचं, असं स्पष्टीकरण २००८ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात घातलं. त्याआधी यावर कोर्टकचेऱ्या व्हायच्या: रोप जमिनीत वाढवलं की कुंडीत, मूळ मशागत केली की नाही. तो वाद मिटला. यातला फरक नीट समजून घ्या मात्र. स्वतः पेरून, वाढवून विकलेलं रोप शेतीचं. दुसऱ्या नर्सरीतून तयार आणून जास्त दरानं विकलेलं रोप हा व्यापार, त्याला ही सवलत नाही. आपल्याकडं बरेच जण हंगामात दोन्ही करतात. त्यांनी दोन वह्या ठेवाव्यात आणि एकदा जवळच्या सीएला दाखवून घ्यावं. बिलबुक छापायला शे-दोनशे रुपये लागतात. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, वाण, ट्रे, दर, तारीख. निम्मे पैसे तरी फोनवरून किंवा खात्यावर घ्या. खात्याचा उतारा हा असा पुरावा आहे की तो मागाहून तयार करता येत नाही, आणि म्हणूनच बँक मॅनेजर त्याला मान देतो.

बिलाच्या जोडीला पेरणी रजिस्टर हवं. कुठल्या तारखेला काय पेरलं, वाण कोणतं, बियाण्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर, ट्रे किती, उगवण किती, कुणाच्या बुकिंगचं, कधी उचललं. हे रजिस्टर मदतीसाठी जितकं कामाचं त्याहून जास्त रोजच्या भांडणासाठी कामाचं आहे. ‘तुमचं रोप बोगस निघालं’ म्हणून माणूस दारात उभा राहतो तेव्हा लॉट नंबर लिहिलेला असेल तर बियाणे कंपनीकडं बोट दाखवता येतं, नाहीतर भरपाई तुमच्या खिशातून. आणि माल टाकून द्यायची वेळ आलीच तर गुपचूप टाकू नका. तारीख-ठिकाण उमटणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढा, बागायत खात्याच्या तालुका कार्यालयात दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या, गावच्या तलाठ्याला कळवा, आणि तो आला नाही तरी पाच शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा करून ठेवा. त्या पंचनाम्यानं लगेच पैसे मिळतात असं नाही. पण खातं जेव्हा ‘तालुक्यात नर्सऱ्यांचं नुकसान किती’ असा आकडा वर पाठवतं, तेव्हा तो आकडा अशाच अर्जांतून तयार होतो. २०२० मध्ये फुलांचं क्षेत्र मुख्यमंत्र्यांच्या तोंडी होतं. नर्सरीचा आकडा कुणाच्या तोंडी नव्हता, कारण तो खालून गेलाच नव्हता.

जमिनीच्या कागदाकडं येऊ. कर्नाटकात आज शेतीची कुठलीही मदत ‘फ्रूट्स’ या नोंदणीवरून जाते. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आधार, उतारा आणि पासबुक दिलं की शेतकऱ्याला एफआयडी नंबर मिळतो. नंबर मिळाला म्हणजे झालं, असं समजून लोक घरी जातात, आणि इथंच मेख आहे. त्या नंबरला तुमचे सगळे सर्वे नंबर जोडले गेलेत का, ते बघावं लागतं. तीन ठिकाणी रान असलेल्या माणसाचं एकच जोडलेलं असतं, आणि मदत तेवढ्यावरच येते. सामाईक जमिनीत प्रत्येक हिस्सेदाराचा एफआयडी वेगळा. वडिलांचा आहे म्हणून काकांचं भागत नाही. नावाचंही बघा. उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘परशराम’ आणि आधारवर ‘परशुराम’, कुठं वडिलांचं नाव मधे तर कुठं नुसतं आद्याक्षर, अशानं अर्ज अडकतो. आपल्या मराठी गावांत हे जरा जास्तच होतं. आधारवरचं नाव दुरुस्त करणं उताऱ्यावरच्या दुरुस्तीपेक्षा पुष्कळ सोपं, म्हणून सुरुवात तिकडून करा.

पीक सर्वेक्षण २०२० पासून शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवर करता येतं. खरीप, रब्बी, उन्हाळी असे हंगाम असतात आणि प्रत्येक हंगामात नोंद करायची असते. न केल्यास गावातला नेमलेला पोरगा येऊन करतो, आणि तो बांधावर उभा राहून जे दिसेल ते टिपतो. काय टिपलं ते ‘बेळे दर्शक’ ॲपवर सर्वे नंबर टाकून बघता येतं, हरकतही घेता येते. झेंडूसाठी एवढं केलंत तरी पुरे. शेडनेटच्या तुकड्यावर मात्र भात किंवा पडीक अशी नोंद राहू देऊ नका. रोपवाटिका किंवा शेडनेट असा पर्याय दिसला तर तो, नाहीतर ट्रेमध्ये जी भाजी आहे ती भाजी, आणि सोबत फोटो.

नर्सरी दुसऱ्याच्या रानात असेल, तर? तुमची तशी नाही, पण हे वाचणाऱ्यांत अशी पुष्कळ मंडळी असतील म्हणून लिहितो. कर्नाटकात १९७४ पासून शेतजमीन खंडानं देण्याला कायद्यानं जवळजवळ बंदीच आहे. त्यामुळं मालक कागदावर सही करत नाही, आणि त्याचंही चूक नाही, कुळाची भीती त्याच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. परिणाम असा की शेडनेट तुमचं, कर्ज तुमचं, घाम तुमचा आणि मदत मालकाच्या खात्यावर. २०२० मध्ये यावरून सख्ख्या मित्रांत बोलणं बंद झालेलं मी बघितलं आहे. सरकारी मदत आली तर ती कुणाची, हे खंड ठरवतानाच चार माणसांसमोर बोलून घ्या. शेडनेटची खरेदी, ट्रे-कोकोपीटची बिलं, मजुरीच्या नोंदी मात्र स्वतःच्या नावावर ठेवा, म्हणजे विक्रीच्या मापानं काही आलं तर तुम्ही उभे राहू शकाल.

हद्दीवरच्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला: घर बेळगावला आणि रान चंदगड तालुक्यात, किंवा उलटं, तर कुठल्या सरकारकडं जायचं? मदत जमिनीमागं जाते, माणसामागं नाही. महाराष्ट्राचा सातबारा इथल्या एफआयडीला जोडला जात नाही. बाकी पीएम-किसानवर कर्नाटक चार हजार जास्तीचे द्यायचं तेव्हा तिकडचे इकडं बघायचे. २०२३ मध्ये इथलं ते बंद झालं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं ‘नमो शेतकरी’चे सहा हजार सुरू केले. आता इकडचे तिकडं बघतात. पारावरच्या गप्पांना विषय चांगला आहे, पण त्यासाठी कुणी जमिनीचा कागद हलवू नये.

कर्जाचं थोडक्यात. कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेनं १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंतचे हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती. त्या काळाचं व्याज चालूच होतं. शेडनेटसाठी मुदतीचं कर्ज असणाऱ्या नर्सरीवाल्याला हेक्टरी पैशांपेक्षा त्या मुभेचाच आधार जास्त होता. पण ती मागावी लागायची, काही बँकांत लेखी. पुन्हा तशी वेळ आली तर पहिल्याच आठवड्यात शाखेत जा. सोसायटीचं बिनव्याजी पीककर्ज नर्सरीच्या खेळत्या भांडवलाला पुरत नाही, तरी खातं चालू आणि वेळेवर फेडलेलं ठेवा.

आता तुमच्या घरच्या कामाचा क्रम. आजोबांच्या नावावरच्या दहा गुंठ्यांचा वारसा आधी लावा. मेलेल्या माणसाला एफआयडी निघत नाही, आणि एफआयडी नाही म्हणजे त्या तुकड्यावर तुम्ही सोनं पिकवलं तरी सरकारच्या लेखी तिथं कुणी नाही. मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून घेतलेली वंशावळ जोडून पौतीचा, म्हणजे वारसनोंदीचा, अर्ज द्या. सरकारनं यासाठी ई-पौती म्हणून मोहीमही काढली आहे, तिच्यात काम लवकर होतं. आत्या असतील तर त्यांच्याही सह्या लागतील. त्यांना आधी जाऊन भेटा, नोटीस गेल्यावर नको. सगळ्यांची नावं सामाईक लागली की नर्सरी कसणाऱ्याच्या वाट्याला ते दहा गुंठे यावेत असं घरात ठरवा, मग ११ई नकाशासाठी, म्हणजे तुकडा वेगळा दाखवणाऱ्या मोजणीच्या नकाशासाठी, अर्ज भरा, कारण तुकडा वेगळा झाल्याशिवाय पोटहिस्स्याचा उतारा होत नाही. मोजणीदाराची पाळी यायला वेळ लागतो. तोवर दोन्ही काकांचे एफआयडी काढून झेंडूचा सर्वे नंबर त्यांना जोडून घ्या; ते एका दिवसाचं काम आहे, आणि रयत संपर्क केंद्रात पेरणीच्या बियाण्याची रांग लागायच्या आत, म्हणजे मेच्या मध्यापूर्वी, गेलात तर कर्मचाऱ्यालाही नीट बघायला सवड असते.